सांध्यावर थांबावे : अनेक काळांत विणलेली कादंबरी वाचताना

तुमचा प्रश्न असा आहे : हाती घेतलेल्या कादंबरीत आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांची कथा तीन काळांत आलटून पालटून येते, दीडशे पानांपर्यंत आल्यावर कोण कोणाचे कोण हे ध्यानात राहत नाही, एका काळात मन रमू लागते तोच प्रकरण संपते आणि दुसरीकडे नव्याने रुजावे लागते. तेव्हा आधी आजीची सगळी प्रकरणे सलग वाचावीत, मग आईची आणि शेवटी नातीची, असे केल्यास काही बिघडेल का?

पहिल्या वाचनात असे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या वाचनात अवश्य करावे, त्यातून फार काही हाती लागते. पण पहिल्यांदा छापील क्रमानेच जावे. मी महाविद्यालयात कादंबरी शिकवली आणि सव्वीस वर्षे एक वाचकगटही चालवला. सुरुवातीची काही वर्षे अशी कादंबरी अभ्यासाला असली की मी पहिल्याच तासाला घटनांचा कालानुक्रमे तक्ता फळ्यावर काढून देत असे. मुलांना कथानक कळे, परीक्षेतील उत्तरेही बरी येत, पण कादंबरी मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नसे. हातात तक्ता असलेला वाचक मागे काय घडले असेल याचा अंदाज बांधत नाही, आणि अशा कादंबरीत अंदाज बांधणे, तो चुकणे, दुरुस्त करणे हाच वाचनाचा मोठा भाग असतो. तक्ता देणे मी नंतर बंद केले.

क्रमाला इतके महत्त्व का, हे सांगण्यासाठी मी नेहमी महाभारताकडे जातो, कारण तिथले उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे आणि तरीही बहुतेकांच्या नजरेतून निसटलेले असते. भीष्मपर्वात संजय रणभूमीवरून हस्तिनापुरास येतो तो भीष्म पडल्याची बातमी घेऊनच. भीष्म पडले ते युद्धाच्या दहाव्या दिवशी. ती बातमी ऐकून धृतराष्ट्र विलाप करतो, संजयाला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, आणि त्यानंतर युद्धाचे पहिल्या दिवसापासूनचे वर्णन सुरू होते. गीता येते ती या वर्णनाच्या तोंडाशी. म्हणजे कुरुक्षेत्रावर जमलेल्या माझ्या आणि पांडूच्या मुलांनी काय केले, हा गीतेच्या पहिल्या श्लोकातील प्रश्न विचारणाऱ्या आंधळ्या पित्याला आपला सेनापती पडल्याचे आधीच ठाऊक आहे. गीता वेगळी काढून वाचली की तो प्रश्न युद्धाच्या सकाळी, काहीही ठरलेले नसताना विचारल्यासारखा वाटतो. पर्वाच्या क्रमाने वाचला तर त्या ‘किमकुर्वत’मध्ये दहा दिवसांचा घात झालेल्या माणसाचा कंप ऐकू येतो. शब्द तेच आहेत. ते कशाच्या मागून आले एवढाच फरक आहे. आणि हे सर्व वैशंपायनाने जनमेजयाला सर्पसत्रात सांगितलेले, सौतीने नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना पुन्हा सांगितलेले. एकात एक काळ ठेवून गोष्ट सांगणे आपल्याला परके नाही. ऐकताना आपण कधी गोंधळत नव्हतो, कारण सांगणारा समोर बसलेला असे. छापील कादंबरीत तो समोर नसतो, म्हणून त्याच्या खुणा शोधाव्या लागतात.

अशा कादंबरीत दोन क्रम असतात : घटना घडल्या तो क्रम आणि त्या आपल्याला सांगितल्या गेल्या तो क्रम. वाचकाचे सारे लक्ष पहिल्याची जुळवाजुळव करण्यात जाते, आणि लेखकाने आपली बरीच मेहनत दुसऱ्यावर खर्च केलेली असते. ती मेहनत सर्वांत जास्त दिसते ती एक काळ संपून दुसरा सुरू होतो त्या जागी. त्या जागेला मी सांधा म्हणतो. माझी मुख्य सूचना एकच आहे, आणि बाकीच्या सर्व तिच्यातून निघतात : सांध्यावर थांबावे. प्रकरण संपले की लगेच पान उलटून पुढे धावू नये. संपलेल्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद आणि नव्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद एकापाठोपाठ, जणू एकच मजकूर आहे अशा रीतीने वाचावेत आणि मधून काय पलीकडे गेले ते पाहावे. कधी वस्तू जाते, कधी एखादा शब्द किंवा आवाज, आणि कधी एखाद्याचे अज्ञान जाते : आईला जे आयुष्यभर कळले नाही ते आपल्याला दोन पानांपूर्वी आजीच्या प्रकरणात कळलेले असते, आणि आता आईचे साधे वाक्यही आपल्याला साधे वाटत नाही.

सांध्याचे सर्वांत उघड उदाहरण म्हणून मी रशियन लेखक मिखाइल बुल्गाकोव्ह यांची ‘मास्टर आणि मार्गारीटा’ वाचायला सांगतो. बुल्गाकोव्ह १९४० साली वारले आणि कादंबरी मॉस्कोतील एका मासिकात १९६६-६७ मध्ये, तीही काटछाट होऊन, प्रसिद्ध झाली. एक धागा सोव्हिएत काळातील मॉस्कोचा, दुसरा येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताच्या येर्शलाइमचा, म्हणजे जेरुसलेमचा. पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस मॉस्कोतील बाकावर बसलेला एक परका गृहस्थ बोलू लागतो : रक्तासारखे लाल अस्तर असलेला पांढरा झगा घालून... आणि दुसरे प्रकरण त्याच शब्दांनी सुरू होते, पण आता आपण दोन हजार वर्षे मागे, पिलाताच्या महालात असतो. वाक्य एकाच्या तोंडी सुरू झाले आणि दुसऱ्या काळात पुरे झाले. पिलाताची अशी चार प्रकरणे आहेत : दुसरे, सोळावे, पंचविसावे आणि सव्विसावे. दुसरे त्या परक्याने सांगितलेले, सोळावे वेड्यांच्या इस्पितळातील एका कवीला पडलेले स्वप्न, आणि शेवटची दोन मार्गारीटा वाचते त्या मास्टरच्या हस्तलिखितातील, जे एकदा जाळले गेले होते. सांगणारा, स्वप्न पाहणारा आणि लिहिणारा हे तिघे वेगळे असून गोष्ट मात्र न तुटता पुढे जाते. हे ध्यानात आल्यावर वाचकाला जो प्रश्न पडतो तो कालानुक्रमाच्या कुठल्याही तक्त्यातून पडणार नाही : जे एकाने पाहिले, एकाला स्वप्नात दिसले आणि एकाने कल्पिले, ते एकच कसे? केवळ पिलाताची चार प्रकरणे सलग काढून वाचली तर एक सुरेख ऐतिहासिक दीर्घकथा हाती येते, आणि हा प्रश्न हरवतो.

म्हणून जुन्या काळाचे प्रत्येक प्रकरण सुरू झाले की विचारावे : हा काळ आजच्या काळात कोणत्या वाटेने आला? पत्र सापडले, कोणी आठवण सांगितली, कोणी स्वप्न पाहिले, की निवेदकाने काही कारण न देता आपल्याला तिथे नेऊन उभे केले? वाट पत्राची असेल तर पत्र लिहिणाऱ्याने काय लपवले असेल हा विचार आलाच. वाट आठवणीची असेल तर आठवणाऱ्याचे आजचे वय आणि आजचे दुःख त्या आठवणीला रंग देत असते. वाटच दिलेली नसेल, तर त्या प्रकरणावर अधिक विश्वास ठेवता येतो, पण ते नेमके याच ठिकाणी का आणले, ही शंका मनात ठेवावी.

यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे सांधा प्रकरणाच्या शेवटी नसून वाक्यावाक्यात असतो. अमेरिकन लेखक विल्यम फॉकनर यांच्या १९२९ सालच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ या कादंबरीचे चार भाग आहेत आणि त्यांच्यावर तारखा आहेत : ७ एप्रिल १९२८, २ जून १९१०, ६ एप्रिल १९२८ आणि ८ एप्रिल १९२८. तारखा पाहून वाटते की सोय झाली. प्रत्यक्षात पहिला भाग बेंजी या तेहतीस वर्षांच्या, बुद्धीची वाढ न झालेल्या आणि बोलता न येणाऱ्या माणसाच्या मनातून येतो, आणि त्याला ‘तेव्हा’ आणि ‘आता’ हा भेदच नाही. कुंपणातून जाताना त्याचा कपडा खिळ्याला अडकतो. लगेच पुढच्या तिरक्या अक्षरांतील ओळीत तो खिळ्यातून सोडवते ती त्याची बहीण कॅडी, आणि ती घटना त्याच्या लहानपणीची. कुंपणापलीकडे गोल्फचे मैदान आहे, तेथील खेळाडू त्यांच्या पोऱ्याला ‘कॅडी’ अशी हाक मारतात आणि बेंजी विव्हळू लागतो. देवनागरीत लिहिताना हे दोन्ही शब्द एकच होतात, आणि बेंजीच्या कानालाही ते एकच आहेत. ते मैदान म्हणजे एकेकाळी या घराचे कुरण. थोरल्या मुलाच्या शिक्षणासाठी ते विकले गेले. एका हाकेत बहीण, जमीन आणि घराण्याची पडझड असे सारे आले, आणि ते समजायला आपल्याला शंभरावर पाने लागतात.

इथे तारखांची वही करणारे वाचक पहिल्या वीस पानांतच थकतात, हे मी गटात अनेकदा पाहिले. उपयोगी पडते ती दुसरीच खूण : बेंजीला त्या क्षणी कोण सांभाळत आहे? लहानपणी व्हर्श, पुढे टी. पी. आणि १९२८ मध्ये लस्टर. ज्या ओळीत लस्टरचे नाव आहे ती आजची, व्हर्शचे आहे ती लहानपणाची. ही किल्ली बहुतेक कादंबऱ्यांना लागते. ठळक घटना लक्षात ठेवण्यापेक्षा प्रत्येक काळातील एक दुय्यम माणूस धरून ठेवावा : स्वयंपाकाची बाई, गडी, शेजारी, वर्गातील बाकावरची मैत्रीण. मुख्य पात्रे सर्व काळांत वावरतात, म्हणून ती काळ ओळखायला निरुपयोगी ठरतात. दुय्यम माणसे एकाच काळाची असतात. (या कादंबरीचा पहिला भाग प्रत्येक काळाला वेगळा रंग देऊन, चौदा रंगांत, २०१२ साली छापला गेला. तशी छपाई व्हावी ही फॉकनर यांची जुनी इच्छा होती. ती प्रत सुंदर आहे, पण ती दुसऱ्या वाचनासाठी ठेवावी.)

मराठी कादंबरीत आणखी एक मदत भाषेकडूनच मिळते, आणि तिच्याकडे फार कमी वाचक पाहतात. ती म्हणजे क्रियापद. ‘तो येई, ओटीवर बसे, पान खाई’ हा रीतिभूतकाळ वापरला की लेखक एका घटनेचे नव्हे तर एका सबंध काळाचे वर्णन करत आहे, आणि पुढे ‘एके दिवशी तो आला’ असे म्हटले की त्या काळातून एक दिवस वेगळा काढला गेला आहे. नव्या धाग्यासाठी अनेक लेखक वर्तमानकाळ योजतात. प्रकरणाच्या पहिल्या पाच क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारून पाहावी. कोणत्या काळात आपण आहोत हे पुष्कळदा नावांच्या आधी क्रियापदे सांगतात.

साल न सांगता ते सुचवणाऱ्या खुणाही ओळखाव्यात. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ हे नाव १९६४ पर्यंत चालले, तेव्हा एखादे पात्र बारा नवे पैसे मोजून देत असेल तर आपण साधारण त्या सात वर्षांत आहोत. उलट ‘आठ आणे’ या शब्दावरून काहीच ठरत नाही, कारण पन्नास पैशांना लोक त्यानंतरही कित्येक वर्षे आठ आणेच म्हणत राहिले. योगायोगाने तोच १ एप्रिल १९५७ हा मुंबई राज्याच्या कूळकायद्यातील कृषकदिन, ज्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले; जमीनदार घराण्याच्या कादंबरीत ‘जमीन गेली’ हे वाक्य कोणत्या बाजूला पडते यावर पात्रांचे सारे वागणे अवलंबून असते. पुण्याच्या कथेत पानशेतचा उल्लेख आला की १२ जुलै १९६१, साताऱ्याकडच्या कथेत कोयनेचा भूकंप आला की ११ डिसेंबर १९६७. जुन्या पत्रावर शके असेल तर ७८ मिळवावेत, आणि पत्र पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचे असेल तर ७९. एवढ्या गणिताने कित्येकदा दोन धागे क्षणात जुळतात.

नावांचा गोंधळ हा तुमच्या तक्रारीचा दुसरा भाग. काही वेळा तो गोंधळ हेतुपुरस्सर असतो. कुर्रतुलऐन हैदर यांच्या १९५९ सालच्या ‘आग का दरिया’ या उर्दू कादंबरीत मौर्यकाळापासून फाळणीनंतरच्या काळापर्यंत चार युगे येतात आणि गौतम, चंपा, कमाल ही नावे युगायुगांत परत येतात : श्रावस्तीच्या काळात चंपक असते, पुढे चंपावती, मग लखनौची तवायफ चंपाजान, आणि अखेर विसाव्या शतकातील चंपा अहमद. इथे युगे एकामागून एक येतात, ती आलटून पालटून येत नाहीत. विणकाम होते ते नावांतून. वाचकाने ही चंपा ती नव्हे असे बजावत वाचायचे नसते. आधीच्या चंपेचे ओझे नंतरच्या चंपेवर पडू द्यायचे असते. तेव्हा नाव परत आले की आधी वंशावळीकडे न धावता, लेखकाने ते परत का आणले असेल असे विचारून पाहावे.

टिपण काढावे का? काढावे, पण वही नको. पुस्तकात खूण म्हणून राहील असा एक कागद पुरे. त्यावर घटना लिहू नयेत. कोणाला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, एवढेच लिहावे : ‘आईला अंगठीबद्दल माहीत नाही, पृष्ठ ८८.’ अनेक काळांच्या कादंबरीचा ताण बव्हंशी या तफावतीवर उभा असतो, म्हणून अशा दहा-बारा ओळी घटनांच्या चार पानांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

वाचनाचा थांबा कुठे घ्यावा, हेही महत्त्वाचे आहे. रात्री प्रकरण संपले की पुस्तक मिटायची सवय आपल्या सर्वांना असते, आणि या प्रकारच्या कादंबरीला तीच बाधते, कारण सांधा नेमका तिथेच असतो आणि दुसऱ्या दिवशी आपण तो कोरडाच ओलांडतो. त्याऐवजी पुढच्या प्रकरणाची दोन पाने वाचून मग थांबावे. ऐकीव पुस्तकाच्या रूपात अशी कादंबरी पहिल्यांदा घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. मोकळी ओळ, तीन फुल्या, तिरकी अक्षरे हे सर्व कानाला दिसत नाही.

एखादा धागा कंटाळवाणा वाटतो, बहुधा आजचा, कारण त्यात मागच्या काळाइतके नाट्य नसते. तो गाळू नये. वाचकगटात नातीची प्रकरणे चाळून पुढे गेलेल्यांना शेवट नेहमी अचानक वाटला. मागच्या काळातील घटनांचे परिणाम कोणाच्या तरी रोजच्या जगण्यात उतरलेले दाखवायचे असतात, आणि ते संथच असणार.

मात्र प्रत्येक वेळी चूक वाचकाचीच असते असे मी म्हणणार नाही. केवळ उत्कंठा ताणण्यासाठी ऐन वेळी प्रकरण तोडून दुसऱ्या काळात उडी मारणारी पुस्तके पुष्कळ निघतात. ओळखण्याची माझी कसोटी अशी : लागोपाठची दोन प्रकरणे मनातल्या मनात अदलाबदल करून पाहावीत. काहीच बिघडत नसेल तर विणकाम नाही, पत्ते पिसलेले आहेत. अशी तीन-चार ठिकाणे सापडली, तर ते पुस्तक तुम्ही तुमच्या सोयीच्या क्रमाने खुशाल वाचावे. भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० साली आलेल्या ‘हिंदू’चा नायक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून मरणाच्या दारातील वडिलांकडे मोरगावला परततो, आणि त्या एका परतण्यात अनेक काळ उघडत जातात. त्याला पुरातत्त्वाचा अभ्यासक केले आहे, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले. उत्खननात वस्तूइतकाच तिचा थर महत्त्वाचा असतो. थराची नोंद न करता बाहेर काढलेले खापर शोभेच्या कपाटात ठेवता येते, त्यावरून काळाबद्दल काही बोलता येत नाही. प्रकरणे क्रमातून उचकटण्याबद्दल माझी हरकत नेमकी हीच आहे.

तुम्ही दीडशे पानांवर आहात. पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करू नका. त्याने वैताग वाढेल. आजवर आलेले सांधे तेवढे परत पाहा. दीडशे पानांत ते दहा-पंधराच्या वर नसतील; प्रत्येक ठिकाणी आधीचा शेवटचा आणि नंतरचा पहिला परिच्छेद वाचा, एका संध्याकाळचे काम आहे. वाचताना प्रत्येक काळातील एक दुय्यम माणूस निवडून त्याचे नाव कागदाच्या माथ्यावर लिहा, आणि आजीकडून नातीपर्यंत आलेली एखादी वस्तू दिसली, पातेले असो, पत्र असो की घराची किल्ली, तर तिच्यापुढे पृष्ठांक टाका. दुसऱ्या दिवशी एकशे एक्कावन्नाव्या पानापासून पुढे चला, आणि आजीची प्रकरणे सलग वाचायची ओढ कादंबरी संपल्यावरही राहिली, तर तेव्हा ती जरूर वाचा.